मानसशास्त्र घ्यायचं? मग आधी हिशोब करा

(अहिल्यानगर येथे विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मानसतज्ज्ञ नाही. माझ्या मामेबहिणीनं बारावीनंतर मानसशास्त्र घ्यायचं ठरवलं, तेव्हा मामूंनी मला विचारलं, "बेटा, यात पगार किती?" मला सांगता आलं नाही. मग मी माहिती काढली. तीच तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक गोंधळ दूर करू. सायकियाट्रिस्ट हा डॉक्टर असतो. एमबीबीएस करून पुढे एमडी करतो आणि औषधं लिहून देतो. सायकॉलॉजिस्टचा रस्ता वेगळा. बारावी कोणत्याही शाखेची असली तरी मानसशास्त्रात बीए करता येतं, मग दोन वर्षांचं एमए. पण एवढ्यानं कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला, रुग्णालयात प्रशिक्षण देणारा अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. जागा थोड्या, स्पर्धा मोठी. यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केलेत. 'घरबसल्या डिग्री' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आता पगार. नेट देऊन जेआरएफ मिळाली, तर संशोधनासाठी महिना ३७,००० रुपये. कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. पण कायम जागा निघतात कमी, तासिका तत्त्वावर वर्षं जातात. शाळा आणि संस्थांमधली समुपदेशकाची कामं बहुतेक कंत्राटी. बहिणीचा पहिला पगार माझ्या पहिल्या पगाराच्या निम्माही नव्हता. माझ्या क्षेत्रात मात्र लोक ॲप कसं वापरतात, कुठे अडतात, हे अभ्यासायला मानसशास्त्राची मुलं घेतात. तोही एक रस्ता आहे.

मग हे करायचं कशाला? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) दिसलं की, वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळदंडानं बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्याच देशात, गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात पुढे 'दवा-दुआ' सुरू झालं. मुजावर दुआ करतात आणि रुग्णाला डॉक्टरकडेही पाठवतात. दुआ कुणी सोडली नाही, इलाजही सुरू झाला.

आमची नानी "जी घबराता" म्हणायची. तिच्या ईसीजीत काही निघायचं नाही, डॉक्टर टॉनिक द्यायचे. तिची दखनी समजून पुढचा प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. तुम्हाला मराठी येते, दखनी येते. ही तुमची भांडवली बाजू आहे.

म्हणून मामूंना सांगितलं, "सात-आठ वर्षं धरा. तोवर घरानं तिच्या कमाईवर नजर ठेवू नये. तेवढी तयारी असेल, तर तिला अडवू नका." त्यांनी अडवलं नाही.

प्रवेश घेण्याआधी तुम्हीही घरी हाच हिशोब मांडा. आणि आजच कुणाचा जीव घाबरत असेल, तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. फोन करायला लाजू नका.