डोस उतरवण्याची शिस्त



 या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून आज एकच मुद्दा मांडतो. किडनी प्रत्यारोपणानंतर विषाणूने डोके वर काढले की आपण नवे औषध शोधू लागतो. खरा इलाज पुष्कळदा रुग्णाच्या चालू प्रिस्क्रिप्शनमध्येच असतो.

बीके विषाणूचेच बघा. १९७१ मध्ये लंडनमध्ये एका प्रत्यारोपित रुग्णाच्या लघवीत तो सापडला आणि त्या रुग्णाच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. बहुतेकांना त्याची लागण लहानपणीच होते. पुढे तो किडनीत निपचित पडून राहतो आणि आपण प्रतिकारशक्ती दाबली की जागा होतो. त्याच्यावर खात्रीचे विषाणूरोधक औषध आजही नाही.

समजा, सहाव्या महिन्यात रुग्ण ओपीडीत आला. ताप नाही, तक्रार नाही. क्रिएटिनिन मात्र १.२ वरून १.८. मनात पहिले येते ते रिजेक्शन. बायोप्सीत नलिकांमध्ये लिम्फोसाइट शिरलेले दिसतात, आणि तेही रिजेक्शनसारखेच. हा विषाणू दाखवणारा एसव्ही ४० स्टेन न करता स्टेरॉइडचे पल्स दिले, तर विषाणूला मोकळे रान मिळते. एका आजारात प्रतिकारशक्ती आणखी दाबायची, दुसऱ्यात मोकळी सोडायची. चुकलो तर किडनी जाते.

म्हणून क्रिएटिनिन वाढण्याची वाट बघू नये. रक्तातल्या विषाणूचा पीसीआर पहिले नऊ महिने दरमहा आणि पुढे दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी करावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. विषाणूचे प्रमाण मिलिलिटरला १०,००० कॉपींपुढे गेले, किंवा १,००० च्या वर टिकून राहिले, की प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांपैकी टॅक्रोलिमसची पातळी उतरवावी, मायकोफेनोलेट निम्मे करावे किंवा थांबवावे. त्यानंतर रुग्णाला वाऱ्यावर सोडू नये. क्रिएटिनिन आणि पीसीआर दोन्हींवर नजर हवी.

सायटोमेगॅलोव्हायरसला व्हॅलगॅन्सिक्लोविर आहे, पण तिथेही एक खोच आहे. पांढऱ्या पेशी घसरल्या की आपला हात आधी व्हॅलगॅन्सिक्लोविरच्या डोसकडे जातो. अपुऱ्या डोसावर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. आधी मायकोफेनोलेट कमी करता येते का, ते बघावे.

मग प्रतिकारशक्ती दाबणाऱ्याच एव्हरोलिमसचे काय? दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘ट्रान्सफॉर्म’ अभ्यासात एव्हरोलिमस आणि कमी मात्रेतले टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांना या दोन्ही विषाणूंचा त्रास कमी झाला. परिणामकारकतेतही हा पर्याय नेहमीच्या उपचारापेक्षा उणा ठरला नाही. दुष्परिणामांमुळे औषध सोडावे लागणारे मात्र जास्त निघाले. तोंडातले व्रण, लघवीतून जाणारे प्रथिन, न भरणारी जखम आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. तेव्हा ते सरसकट नको, पण विषाणूचा धोका जास्त असलेल्या रुग्णासाठी त्याचा विचार पहिल्या दिवसापासून व्हावा.

शेवटी पैशांचे बोलतो. शस्त्रक्रियेसाठी घरचे दागिने मोडून झालेले असतात. दरमहाचा पीसीआर परवडत नाही म्हणून टळतो. डोस कधी आणि किती उतरवायचा, हे तर त्याच आकड्यावरून ठरते. या चाचण्यांचा खर्च प्रत्यारोपणाच्या पॅकेजमध्येच धरला जावा, अशी मागणी करणारा ठराव या अधिवेशनाने करावा, असे मी सुचवतो.