अर्ध्या तासाचे गाव : पेरंबूर

(शाखेच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चेन्नई म्हटले की आपल्या रेल्वेवाल्यांना पेरंबूरचा डबा कारखाना आठवतो. 2 ऑक्टोबर 1955 रोजी पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले आणि 2018 साली वंदे भारतची पहिली गाडी तिथूनच बाहेर पडली. अधिवेशनाला गेलेल्या आम्हा सात जणांना तो पाहायचाच होता. पण आज बोलायचे आहे ते त्याच पेरंबूरच्या जुन्या गिरणीगावाविषयी. ते आम्ही एक दिवस पायी हिंडून पाहिले.

सेंट्रलहून लोकलने तिसरे स्टेशन पेरंबूर. तिथून पेरंबूर बॅरॅक्स रोडकडे चालत गेले की एके काळी बकिंगहॅम व कर्नाटिक या दोन गिरण्या लागत. पहिली 1876 ची, दुसरी 1881 ची, दोन्ही बिन्नी कंपनीच्या. पोस्टमन बंधूंना खाकीची ओळख करून द्यायला नको. तर या गिरण्यांची खाकी देशभर नावाजलेली होती. हजारो माणसे इथे राबत. 1996 साली गिरण्या बंद पडल्या. आज त्या जागेवर टोलेजंग इमारती उभ्या आहेत. लालबाग-परळच्या माणसाला हे दृश्य नवे नाही, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

आम्ही मात्र घड्याळ लावून चाललो. गिरणीच्या जागेपासून जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्लीपर्यंत दहा-बारा मिनिटे लागली. जायला बारा, यायला बारा. कारण सांगतो. 1918 साली या गिरण्यांत जेवणाची सुटी होती अर्ध्या तासाची. तेवढ्यात खात्यातून बाहेर पडायचे, हात धुवायचे, चार घास गिळायचे आणि परत साच्यावर उभे राहायचे. उशीर झाला की पगार कापला. ही रड ऐकली ती शेल्वपती चेट्टी आणि रामानुजुलू नायडू या पेरंबूरच्याच दोघा दुकानदारांनी. ते गेले बी. पी. वाडियांकडे. वाडिया मुंबईत जन्मलेले पारशी, ॲनी बेझंट यांचे सहकारी. 27 एप्रिल 1918 रोजी मद्रास लेबर युनियन स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या मागण्यांत एक होती : जेवणाची सुटी तीस मिनिटांऐवजी चाळीस मिनिटांची करा. दहा मिनिटांसाठी युनियन! हसू येईल, पण आमच्यासारखे चालून पाहा.

हा अर्धा तास तरी कुठून आला? 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत दुपारची अर्ध्या तासाची सुटी होती. 1891 च्या कायद्याने ती दिली. लोखंड्यांनी सुरुवातीची नोकरी रेल्वेत आणि पोस्टात केली होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

पुढची हकीकत कडू आहे. 1920 च्या टाळेबंदीनंतर कंपनीने वाडियांवर दावा लावला आणि हायकोर्टाने मनाई हुकूम दिला. युनियन चालवणे हाच गुन्हा ठरू लागला. मार्च 1921 मध्ये आपले ना. म. जोशी मध्यवर्ती विधिमंडळात उभे राहिले आणि कामगार संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा ठराव त्यांनी मांडला. त्यातून 1926 चा ट्रेड युनियन कायदा आला. आपल्या पावतीपुस्तकावर जो नोंदणी क्रमांक छापलेला असतो, त्याचे एक मूळ पेरंबूरच्या गल्लीत आहे.

आणि 1921 चा संप? तो फुटला. जातीवरून फुटला. जवळच्या पुलियनतोप भागात आम्ही मुद्दाम गेलो. तिथले आदि-द्रविड कामगार कामावर परतले, झोपड्या जळल्या, ऑगस्टमध्ये पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली आणि ऑक्टोबरमध्ये संप मोडला. मालकाने आणि सरकारने दुहीचा फायदा घेतला हे खरेच. पण ज्याच्या मडक्यात दुसऱ्या दिवसाचा तांदूळ नाही आणि ज्याला शेजारचा कामगार एरवी शिवून घेत नाही, त्याला ‘थांब’ म्हणण्याचा हक्क युनियनने कधी मिळवला होता? मुंबईत तरी काय वेगळे होते? तुटलेला धागा तोंडाने ओला करून सांधावा लागतो म्हणून अस्पृश्यांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, आणि 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांना तो प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढेच मांडावा लागला.

परतताना आम्ही व्यासरपाडी जीवा स्टेशनवरून लोकल धरली. कम्युनिस्ट पुढारी जीवानंदम यांचे नाव एका रेल्वे स्टेशनला आहे, ही गोष्ट आम्हा सर्वांना फार आवडली. फलाटावर एका लोको पायलटाशी मोडक्या हिंदीत बोलणे झाले. इंजिनावर जेवायला आणि लघवीला ठरावीक वेळ मिळावी, ही त्यांच्या लोकांची मागणी 2025 सालीही मागणीच राहिली होती. आम्ही त्याला चाळीस मिनिटांची गोष्ट सांगितली. ती त्याला माहीत होती. त्याचे आजोबा कर्नाटिक गिरणीत होते.

तुमच्यापैकी कोणी गाडी घेऊन चेन्नईला गेले, तर अर्धा दिवस काढा. सकाळीच निघा, ऊन फार असते. आणि घड्याळ लावायला विसरू नका.