गायरानाचीही माती तपासावयास हवी

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या शिबिरात दिलेले भाषण)



उसाच्या फडाची किंवा द्राक्षबागेची माती तपासून घ्यावी, हे आता कोणास सांगावे लागत नाही. २०१५ साली केंद्र शासनाची मृदा आरोग्यपत्रिका योजना सुरू झाली आणि मातीची पत्रिका शेतकऱ्याच्या घरी आली. परंतु गावाच्या गायरानाची पत्रिका आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? गायरान साऱ्या गावाचे असते. म्हणूनच त्याच्या प्रकृतीची विचारपूस करण्याची जबाबदारी कोणाच्याच अंगावर पडत नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचे निर्देश राज्यांना दिले. कायद्याने जमिनीची हद्द राखता येते. तिचा कस मात्र गावालाच राखावा लागतो.

हा कस जातो कोठे? एक टन वाळलेल्या गवताबरोबर साधारणपणे ५ ते १० किलो नत्र आणि एक-दोन किलो स्फुरद जमिनीतून बाहेर पडते. गुरे दिवसभर गायरानात चरतात आणि रात्री गोठ्यात बसतात. गोठ्यातील शेण मालकाच्या उकिरड्यावर जाते. रानात पडलेले शेणही गोवऱ्यांसाठी वेचले जाते. अशा रीतीने गायरान वर्षानुवर्षे देतच राहते, त्याला परत काही मिळत नाही. मग मारवेल, पवना यांसारखी सकस गवते मागे हटतात आणि कुसळी व तरोटा माजतात. कुसळीला कुसे आली की जनावर तिला तोंड लावीत नाही.

यावर कोणी म्हणेल, युरियाची पोती आणून फेकावीत. माझी विनंती आहे की, आधी माती तपासावी. गायरान एकसारखे नसते. माथ्यावरचा मुरूम, उताराची हलकी जमीन आणि ओढ्याकाठची काळी, अशा प्रत्येक प्रकाराचा नमुना वेगळा घ्यावा. प्रत्येक भागात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणची माती घ्यावी. पिकाच्या शेतात आपण १५ ते २० सेंटिमीटर खोल जातो. नांगर न लागणाऱ्या गवताळ रानात ५ ते १० सेंटिमीटरचा वरचा थर पुरतो. झाडाखालची, बांधालगतची, पाणवठ्याजवळची आणि गुरे बसण्याच्या जागेची माती घेऊ नये. तेथे शेणामुताने कस वाढलेला असतो आणि तो साऱ्या रानाचा म्हणून अहवालात उतरतो. गोळा झालेली माती सावलीत वाळवून एकत्र करावी, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवीत जावे आणि शेवटी उरलेली अर्धा किलो माती प्रयोगशाळेकडे द्यावी. गुरुजनांनी हे काम विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास त्याहून चांगला भूगोलाचा तास दुसरा नसेल.

अहवालात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याहून कमी आणि उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोहून कमी असल्यास जमीन भुकेली समजावी. दख्खनच्या पठारावरील जमिनीत बहुधा पालाश पुरेसे असते. उणीव असते ती नत्र व स्फुरद यांची. जेथे स्फुरद कमी आहे तेथे हेक्टरी ४० किलो स्फुरद, म्हणजे २५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, पावसाच्या सुरुवातीस देऊन स्टायलोसारखे द्विदल गवत पेरावे. त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात. युरिया द्यावयाचाच तर हेक्टरी चाळीस-पंचेचाळीस किलो, तोही चांगली गवते असलेल्या भागात आणि ओल असताना. खत पावसाने विरघळून मुरेपर्यंत आणि पुढे तीन-चार आठवडे तेथे गुरे सोडू नयेत. उघड्यावर पडलेला युरिया खाल्ल्यास जनावर दगावते, हे गुराख्यांना आवर्जून सांगावे.

आता खऱ्या अडचणीकडे वळतो. खत घातलेले रान काही काळ बंद ठेवावे लागते. एका गावच्या सभेत मी हे सांगितले, तेव्हा मागे बसलेल्या एक वृद्ध बाई उठून म्हणाल्या, “साहेब, रान बंद केलंत तर ज्याला वावर हाय त्यो बांधावरचं गवत कापील. माझ्या दोन शेळ्यांनी काय खायाचं?” त्या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. ते गावानेच शोधले. गायरानाचे चार भाग करावयाचे, दरवर्षी एकच भाग बंद ठेवावयाचा आणि त्या भागातील कापून आणावयाच्या गवताचा पहिला हक्क भूमिहीनांना द्यावयाचा. हा ठराव झाला, तेव्हाच त्या बाईंनी हात वर केला.

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन आहे. ज्यांच्या दारी एखादी गाय किंवा दोन शेळ्या आहेत आणि नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यांच्यासाठी गायरान हेच शेत होय. म्हणून पंचायतीने माती परीक्षणाचा ठराव करताना चराईच्या पाळीचा ठरावही त्याच सभेत करावा. केवळ खत घातले तर ते गवत बलिष्ठांच्या गुरांच्या पोटी जाईल. केवळ रान बंद केले तर गरिबाची शेळी बाजारात जाईल.

येत्या उन्हाळ्यात, पहिल्या पावसापूर्वी, आपापल्या गायरानाचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवावेत आणि आलेला अहवाल चावडीवर लावावा, एवढीच माझी विनंती आहे.