ग्रंथालयाचा स्वतःचा ज्ञानकोश : विकी प्रणालीची उभारणी
(व्याख्यानाचा मजकूर)



डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा संकल्प केला, तेव्हा त्यांच्यापाशी राजाश्रय नव्हता. त्यांनी भागभांडवलाची मंडळी काढली, वर्गणीदार जमविले, पुण्यात स्वतःचा छापखाना उभा केला आणि १९२० नंतरच्या अवघ्या काही वर्षांत कोशाचे २३ खंड मराठी वाचकाच्या हाती दिले. त्यांच्या विद्वत्तेचे कौतुक पुष्कळ झाले. त्यांच्या छापखान्याचे तितके झाले नाही. वस्तुतः ज्ञानाची मांडणी आणि त्या मांडणीच्या साधनांवरील स्वामित्व या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणूनच तो कोश सिद्धीस गेला. शंभरी गाठलेल्या ग्रंथालयाने आज या दुसऱ्या गोष्टीचा विचार अगत्याने करावयास हवा. आजचा छापखाना म्हणजे महाजालावरील सर्व्हर आणि आजची खिळे जुळविण्याची पेटी म्हणजे विकी प्रणाली.

‘विकी’ हा शब्द हवाई बेटांतील भाषेचा असून त्याचा अर्थ ‘त्वरित’ असा आहे. अमेरिकन संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी होनोलुलूच्या विमानतळावरील ‘विकी विकी’ नावाच्या बसगाडीवरून हे नाव घेतले आणि २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी महाजालावर खुली केली. वाचणाऱ्यालाच पान दुरुस्त करता यावे, हे तिचे मूलतत्त्व. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेला विकिपीडिया याच तत्त्वावर उभा राहिला. मराठी विकिपीडियाचा प्रारंभ २००३ मधील. विकिपीडियासाठी घडविलेली ‘मीडियाविकी’ ही प्रणाली मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. कोणतीही संस्था ती विनामूल्य उतरवून घेऊन आपल्या सर्व्हरवर चालवू शकते.

येथे एक शंका साहजिक आहे. मराठी विकिपीडिया असताना ग्रंथालयाला वेगळ्या विकीचे प्रयोजन काय? उत्तर विकिपीडियाच्या नियमांतच आहे. तेथे प्रसिद्ध झालेल्या विश्वसनीय साधनांचा आधार लागतो. नवे संशोधन वा ऐकीव आठवण चालत नाही. विश्वकोशासाठी हा नियम योग्यच होय. पण जांबोटीच्या परिसराची खरी संपत्ती अद्याप छापलीच गेलेली नाही. कणकुंबीस मलप्रभा उगम पावते, हे भूगोलाच्या पुस्तकात मिळेल. तळेवाडीनजीकच्या बारापेडे गुहांतील वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले, हेही मिळेल. परंतु त्या गुहांकडे जाणाऱ्या पायवाटांची नावे, रानातील देवराया, भाताच्या जुन्या जाती, कानडी व कोकणी शब्द सहज सामावून घेणारी येथील मराठी बोली, हे सारे वडीलधाऱ्यांच्या जिभेवर आहे. एकेक वृद्ध जातो, तसे एकेक दालन कायमचे मिटते. हे टिपण्यासाठी ग्रंथालयाचे स्वतःचे पान हवे.

आता उभारणीचा क्रम. पहिला प्रश्न जागेचा. सह्याद्रीच्या धारेवरचा पाऊस आणि त्यासोबत जाणारी वीज लक्षात घेता सर्व्हर ग्रंथालयाच्या खोलीत ठेवण्यापेक्षा भाड्याने घेतलेला बरा. त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली, पाने पुरविणारा अपाचे, पीएचपी ही भाषा आणि मजकूर साठविणारा मारियाडीबी हा डेटाबेस, अशी चार अंगे लागतात. मीडियाविकीच्या फायली सर्व्हरवर ठेवून तिचे पान उघडले, की ती संस्थेचे नाव, भाषा, डेटाबेसचा तपशील असे प्रश्न क्रमाने विचारते. भाषा मराठी निवडावी. प्रणालीच्या सूचना मराठीत उपलब्ध आहेत. शेवटी ‘लोकलसेटिंग्ज’ नावाची एक फाईल तयार होते. ती मुख्य दालनात ठेवली, की विकी सुरू होते. ज्या संस्थेला डेटाबेसचा व्याप नको, तिच्यासाठी ‘डोकुविकी’ ही प्रणाली आहे. ती प्रत्येक पान साध्या मजकूर-फाईलीत साठविते. सांभाळणे सोपे, प्रत काढणे त्याहून सोपे.

जुन्या संगणकांवरील याद्या आणि लेख चढविताना एक दक्षता हवी. १९९० च्या दशकातील बराचसा मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांच्या खाजगी संकेतांत टंकित झाला. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून, डोळ्यांखालून घालूनच चढवावा. अन्यथा वाचकापुढे अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उभी राहतील.

पुढचा प्रश्न अधिकारांचा. मीडियाविकी मुळात कोणालाही, अनामिकालाही, लेखनाची मुभा देते. छोट्या संस्थेच्या विकीवर अशा मोकळ्या दारातून जाहिरातींचा कचरा शिरतो. म्हणून वाचन सर्वांना खुले, लेखन मात्र ग्रंथालयाने खाते दिलेल्या सभासदांना, अशी मर्यादा प्रारंभीच घालावी. सांगणाऱ्याचे नाव आणि नोंदीची तारीख प्रत्येक पानावर असावी. सांगणाऱ्याची संमती तर असावीच.

सीमाभागात नावांवरून मने दुखावतात, हे सांगावयास नको. विकीत यावर एक सौम्य उपाय आहे. म्हादई, महादयी किंवा खाली गोव्यातील मांडवी, कोणत्याही नावाने शोधले तरी वाचक एकाच पानावर पोहोचावा, अशी ‘पुनर्निर्देशने’ करता येतात. हलशीचे पान ताम्रपटांतील पलाशिका या नावानेही उघडावे. मतभेद असतील, तर पानाला जोडलेल्या चर्चापानावर ते मांडावेत. खोडलेले वाक्यही इतिहासात राहते. कोणी कोणाचे म्हणणे गुपचूप पुसू शकत नाही. कागदी वादात ही सोय नव्हती.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. असे उपक्रम बहुधा एखाद्या उत्साही तरुणाच्या भरवशावर सुरू होतात. तो नोकरीसाठी परगावी गेला, की परवलीचे शब्द त्याच्याबरोबर जातात. वर्षअखेरीस संकेतस्थळाच्या नावाचे शुल्क भरले जात नाही आणि सारे काम एका रात्रीत अदृश्य होते. तेव्हा नाव आणि सर्व्हर संस्थेच्या नावे घ्यावेत. शुल्काची तरतूद वीजबिलाप्रमाणे अंदाजपत्रकात असावी. परवलीचे शब्द मोहोरबंद पाकिटात कपाटात असावेत आणि निदान दोन व्यक्तींना काम अवगत असावे. दर आठवड्यास डेटाबेस, चित्रांचे दालन व ‘लोकलसेटिंग्ज’ या तिन्हींची प्रत काढावी. एक प्रत ग्रंथालयात, एक अन्यत्र. वर्षातून एकदा त्या प्रतीवरून विकी पुन्हा उभी करून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबणे म्हणजे न वाचलेल्या दस्तावर सही करणे होय. प्रणालीच्या सुधारित आवृत्त्याही वेळोवेळी चढवाव्यात. शिळी आवृत्ती म्हणजे कुलूप मोडलेले दार.

शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी घरची पुस्तके आणून एका फळीवर मांडली आणि देवघेवीची वही उघडली, तेव्हा ग्रंथालये जन्मास आली. त्या वहीची शिस्त ज्यांनी पिढ्यानपिढ्या राखली, त्यांना विकीची शिस्त अवघड नाही. पहिले पान मोठे असण्याची गरज नाही. गावातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीपाशी बसून, तिला आठवणाऱ्या विहिरींची नावे लिहून घ्यावीत. ज्ञानकोशाचा आरंभ तेवढ्यानेही होतो. मात्र तो उद्यावर टाकण्याजोगा नाही.