मैदानावरून काचेच्या खोलीत



आपल्या संमेलनाचा अध्यक्ष क्रिकेटवर बोलतो, असा रिवाज आहे. तो मी आज मोडतो आहे. मेलबर्नमधल्या वास्तव्यात मला ज्या खेळानं वेड लावलं, त्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलबद्दल, तिथल्या भाषेत 'फुटी'बद्दल, मी बोलणार आहे. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल, चेंडूही लंबगोल. एका वेळी दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा गडी मैदानात. चेंडू हातात घेऊन धावायचं, पायानं किंवा मुठीनं सोबत्याकडे पोचवायचा. मधल्या दोन खांबांमधून लाथाडला की सहा गुण, थोडक्यात हुकला तरी एक. हुकलेल्या नेमालाही गुण देणारा खेळ म्हणून तो मला पहिल्या दिवसापासून आवडला.

प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मोठा खेळाडू निवृत्त होतो. क्लबला प्रशिक्षक हवा असतो. प्रेक्षकांना आपला लाडका कुठेतरी दिसत राहायला हवा असतो. मग तिघांचंही समाधान होईल अशी एकच नेमणूक होते. ती यशस्वी होते का?

याचा पडताळा पाहायला एक संघ जणू मुद्दाम घडवल्यासारखा आहे. ब्रिस्बेन लायन्सनं २००१, २००२ आणि २००३ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदं जिंकली. प्रशिक्षक होते ली मॅथ्यूज. कर्णधार मायकल व्हॉस. संघात ख्रिस स्कॉट होता, जस्टिन लेपिच होता आणि क्रेग मॅक्रे नावाचा एक चपळ, लहानखुरा फॉरवर्डही होता. चौघांनी एकाच गुरूच्या हाताखाली, एकाच ड्रेसिंग रूममध्ये धडे घेतले. चौघेही पुढे मुख्य प्रशिक्षक झाले. वाटा मात्र चार दिशांना गेल्या.

व्हॉसपासून सुरुवात करतो. १९९६ मध्ये लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक त्याला मिळालं होतं, जेम्स हर्डबरोबर विभागून. २००६ अखेर तो निवृत्त झाला, दोन वर्षं समालोचन केलं. सहायक म्हणून वेस्ट कोस्टला जायचं जवळपास ठरलंही होतं. तेवढ्यात मॅथ्यूज यांनी ब्रिस्बेन सोडलं आणि क्लबनं आपल्या लाडक्या कर्णधाराला थेट गादीवर बसवलं. एका दिवसाचीही उमेदवारी नाही. पहिल्याच वर्षी, २००९ मध्ये, संघ बाद फेरीत पोचला, तिथे एक सामना जिंकलाही. खरा घोटाळा इथे झाला. यशाचा वास आला आणि कर्णधार जागा झाला. करंडक आता हाताशी आहे या हिशेबानं कार्ल्टनचा ब्रेंडन फेव्होला आणायचं ठरलं. फेव्होला त्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होता. मैदानाबाहेरची त्याची कीर्ती वेगळी होती. सौद्यात दुसऱ्या बाजूला डॅनियल ब्रॅडशॉचं नाव ठेवलं गेलं. हा ब्रॅडशॉ व्हॉसबरोबर दहा वर्षं खेळलेला. तो दुखावला आणि सिडनीला निघून गेला. फेव्होला एक हंगाम खेळला, २०११ च्या सुरुवातीला क्लबनं त्याला काढलं. ऑगस्ट २०१३ मध्ये व्हॉसचीही पाळी आली.

मला यात मूर्खपणा दिसत नाही. तेहतिशीतल्या माणसाला, ज्यानं आयुष्यभर 'पुढचा सामना' एवढंच पाहिलं, त्याला पाच वर्षांनंतरचा संघ पाहायला सांगणं हाच अन्याय होता. विशेष म्हणजे त्यानंतर तो पोर्ट अ‍ॅडलेडला गेला आणि दुसऱ्याच्या हाताखाली सात हंगाम राबला. २०२२ पासून कार्ल्टनचा प्रशिक्षक झाला, आणि २०२३ मध्ये दहा वर्षांनी त्या क्लबला बाद फेरीत घेऊन गेला. अंतिम सामना एका विजयानं हुकला. माणूस तोच होता. मधली सात वर्षं नवी होती.

लेपिचची गोष्ट माझ्या मुद्द्याला जरा अडचणीची आहे, म्हणून ती गाळत नाही. त्यानं उमेदवारी केली होती, रिचमंडसारख्या परक्या क्लबात केली होती. तरीही २०१४ ते २०१६ या तीन हंगामांत, ६६ सामन्यांत, ब्रिस्बेननं त्याच्या हाताखाली जेमतेम १४ जिंकले. कारण तो येण्याच्या सुमारास पाच होतकरू तरुण एकदमच क्लब सोडून गेले होते. रिकाम्या पोत्याला कुणीही उभं करू शकत नाही. उलट ख्रिस स्कॉट फ्रीमँटलला तीन वर्षं सहायक राहून २०११ मध्ये जिलाँगला आला, तेव्हा २००७ आणि २००९ चे विजेते घरात तयार होते. पहिल्याच वर्षी अजिंक्यपद. नशीब म्हणणाऱ्यांना त्यानं अकरा वर्षांनी, २०२२ मध्ये, पूर्णपणे बदललेल्या संघासह उत्तर दिलं.

आणि मॅक्रे? २००४ मध्ये तो निवृत्त झाला. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली २०२१ मध्ये. मधल्या काळात त्यानं नवख्या पोरांना शिकवलं, रिचमंडच्या राखीव संघाला २०१९ ची स्पर्धा जिंकून दिली, हॉथॉर्नला सहायक झाला. कुठल्याही पहिल्या पानावर त्याचं नाव नव्हतं. कॉलिंगवुडला आला आणि दुसऱ्याच वर्षी, २०२३ मध्ये, अवघ्या चार गुणांनी अजिंक्यपद. त्या वेळी त्याच्या सहायकांत कोण होतं? ब्रिस्बेननं काढलेला लेपिच. आणि हरला तो संघ ब्रिस्बेनच!

आता प्रशिक्षकाचं काम कसं असतं ते पाहू. फुटीचा प्रशिक्षक सामन्यात उंच स्टँडमधल्या काचेच्या खोलीत बसतो. समोर पडदे, कानाला फोन, शेजारी सहायक. खाली मैदानावर त्याचा निरोप धावत नेणारा माणूस असतो. चेंडूला हात लावायचा प्रश्नच नाही. महान खेळाडूला हे किती जड जातं ते माल्कम ब्लाइटनं दाखवलं. १९८१ मध्ये नॉर्थ मेलबर्नमध्ये तो एकाच वेळी खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. संघ हरत राहिला. हंगामाच्या मध्यात त्यानं प्रशिक्षकपद सोडलं आणि पुढच्याच सामन्यात, नुसता खेळाडू म्हणून, ११ गोल ठोकले. त्या लीगमध्ये त्याच्यानंतर खेळाडू-प्रशिक्षक कुणी झाला नाही. ब्लाइट मात्र शहाणा निघाला. साउथ ऑस्ट्रेलियातल्या वुडव्हिल या छोट्या क्लबात जाऊन त्यानं पाच वर्षं हे काम शिकून घेतलं. मग जिलाँगला तीनदा अंतिम सामन्यात नेलं, तिन्ही हरला. आणि अ‍ॅडलेडला १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदं मिळवून दिली.

डावपेचांहूनही मला आठवड्यातला दुसरा एक क्षण मोठा वाटतो. चाळिसेक जणांच्या ताफ्यातून शनिवार-रविवारचा संघ निवडायचा असतो. ज्याला वगळायचं त्याला बोलावून, डोळ्याला डोळा भिडवून सांगायचं असतं. जो आयुष्यात कधी वगळला गेला नाही, त्याला समोरच्याच्या पोटात काय कालवतं ते कसं कळणार? दुय्यम दर्जाचे खेळाडू या खुर्चीत बरे ठरतात त्याचं निम्मं कारण मला इथेच दिसतं. ल्यूक बेव्हरिज तीन क्लबांत मिळून ११८ सामने खेळला; इकडून तिकडे होणं त्याला पाठ होतं. आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेत त्यानं नोकरी केली, हौशी पोरांच्या एका क्लबाला लागोपाठ तीन वर्षं तीन वेगवेगळ्या श्रेणींत जिंकून दिलं. २०१६ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जनं ६२ वर्षांनी अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा विजेत्या प्रशिक्षकाचं पदक त्याच्या गळ्यात पडलं. त्यानं ते काढलं, कर्णधार बॉब मर्फीला व्यासपीठावर बोलावलं आणि त्याच्या गळ्यात घातलं. हंगामाच्या सुरुवातीलाच गुडघा दुखावलेला मर्फी तो सामना खेळूच शकला नव्हता.

कॉलिंगवुडचा माजी कर्णधार नेथन बकली हा वेगळा मामला. त्याच्यासाठी २००९ मध्ये चक्क वारसाहक्काचा करार झाला: तेव्हाचे प्रशिक्षक मिक मॉल्टहाउस आणखी दोन वर्षं, मग बकली. दरम्यान मॉल्टहाउसनी २०१० चं अजिंक्यपद जिंकलं, २०११ चा अंतिम सामना हरले, आणि करार करारासारखा पाळला गेला. जिंकत्या माणसाला उठवून मिळालेल्या खुर्चीत बसणं काय असेल! २०१८ मध्ये बकलीचा संघ अंतिम सामना पाच गुणांनी हरला. त्याला अपयशी म्हणणारे मला घाईचे वाटतात. एसेंडनच्या हर्डबद्दल थोडक्यातच बोलतो: सहायकपदाचा अनुभव नसताना २०११ च्या हंगामासाठी नेमणूक, २०१३ मध्ये पूरक द्रव्यांच्या प्रकरणात वर्षभराचं निलंबन, २०१५ मध्ये राजीनामा.

आणि ज्या ब्रिस्बेननं आपले दोन घरचे हिरे वापरून पाहिले, त्याला शेवटी सावरलं कुणी? ख्रिस फेगननं. टास्मानियातल्या क्वीन्सटाउन या खाणगावचा हा माणूस. त्या गावचं फुटीचं मैदान खडीचं आहे. पाऊस इतका की गवत टिकत नाही. फेगन शाळामास्तर होता. मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. मेलबर्न आणि हॉथॉर्न या क्लबांत पडद्याआड वर्षानुवर्षं काम करून २०१७ मध्ये ब्रिस्बेनला आला, तेव्हा त्या हंगामात संघ तळाला राहिला. क्लबनं त्याला काढलं नाही. २०२४ चं अजिंक्यपद त्यानं सिडनीला ६० गुणांनी हरवून जिंकलं. २०२५ च्या अंतिम सामन्यात समोर होता जिलाँगचा ख्रिस स्कॉट, म्हणजे ब्रिस्बेनचाच जुना विजेता. फेगन ४७ गुणांनी जिंकला.

आता सभागृहात निम्म्या लोकांच्या ओठांवर, स्वतः मोठे खेळाडू नसलेल्या, क्रिकेटगुरू आचरेकर सरांचं नाव आलं असेल. म्हणूनच मी ते पुढे करून टाळ्या घेणार नाही. मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होत नाही, असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं क्लबांच्या व्यवस्थापकांशी आहे: निवृत्तीच्या पत्रकार परिषदेतून माणूस थेट मुख्य खुर्चीत उचलून बसवू नका. त्याला आधी दुसऱ्या गावी पाठवा, जिथे त्याचा पुतळा नाही, जिथे पोरं त्याची सही मागायला येत नाहीत. तिथे त्याला राखीव संघ द्या, हरू द्या.

या माझ्या सगळ्या मांडणीला सर्वांत मोठी खीळ घालणारा माणूस म्हणजे खुद्द ली मॅथ्यूज. खेळाडू म्हणून हॉथॉर्नकडून चार अजिंक्यपदं, विसाव्या शतकातला सर्वश्रेष्ठ म्हणून गणना. १९८५ ला निवृत्त झाला, १९८६ च्या हंगामातच कॉलिंगवुडचा मुख्य प्रशिक्षक, आणि १९९० मध्ये त्या क्लबचा ३२ वर्षांचा दुष्काळ संपवला. माझं उत्तर असं की तो निदान परक्या क्लबात गेला, आणि अजिंक्यपदासाठी त्याला चार-पाच वर्षांचा अवधी मिळाला. हे उत्तर पुरेसं नाही असं मानणारे दोघे-तिघे मला पहिल्या रांगेतच हातात कागद घेऊन बसलेले दिसताहेत. दुपारच्या सत्रात पहिला प्रश्न त्यांचा.