गुडघ्यातील चुंबळ
(संस्थेच्या वार्षिक संमेलनप्रसंगी केलेले भाषण)



संमेलनाच्या भरगच्च कार्यक्रमात आरोग्याविषयी चार शब्द बोलण्यास आपण आम्हांस पाचारण केलेत, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. विषय गुडघ्याचा आहे. आपल्या घरांतील मुले कबड्डीच्या मैदानावर तो पिरगाळून येतात, आणि वडीलधाऱ्यांना पाटावरून उठताना त्याची आठवण होते. दोघांच्याही तोंडी हल्ली एकच वाक्य असते : 'गादी फाटली आहे, ऑपरेशन सांगितले आहे.' शब्द एकच असले तरी ही दुखणी दोन आहेत, हेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

ही गादी म्हणजे काय? मांडीच्या हाडाचे टोक गोलाकार, तर खालच्या नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. गोल हंडा डोक्यावर स्थिर राहावा म्हणून स्त्रिया चुंबळ ठेवतात, तशा चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चुंबळी निसर्गाने प्रत्येक गुडघ्यात ठेविल्या आहेत. डॉक्टर त्यांस मेनिस्कस म्हणतात. भार पडला की चुंबळ बाहेर पसरू पाहते. कडेने फिरलेले चिवट तंतू तिला आवरून धरतात, आणि भार एका जागी न पडता सर्वत्र वाटला जातो. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत थर म्हणजे कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत व मज्जातंतूही नाहीत. म्हणून झीज सुरू झाली तरी ती स्वतः दुखत नाही, आणि झिजल्यावर आपणहून पूर्ववत होत नाही. चुंबळ गेली की सारा भार या थरावर येतो.

ही गोष्ट वैद्यकशास्त्रासही उशिरा उमगली. एडिंबरोचे शल्यविशारद टॉमस ॲनंडेल यांनी १८८३ सालीच निसटलेली चुंबळ टाके घालून जागी बसविली होती. परंतु १८९७ मध्ये ब्लँड-सटन यांनी ती स्नायूचा निरुपयोगी अवशेष ठरविली, आणि पुढे कित्येक दशके ती सबंध काढून टाकण्याचा प्रघात राहिला. १९४८ साली फेअरबँक यांनी क्ष-किरण चित्रांवरून, चुंबळ काढलेल्या गुडघ्यांत हाडांचा आकार बदलतो व सांध्यातील जागा कमी होते, हे दाखवून दिले. १९६२ मध्ये टोकियोत वातानाबे यांनी दुर्बिणीतून फाटका तेवढाच भाग काढला.

आता मुलांविषयी. प्रौढ माणसाच्या चुंबळीत बाहेरच्या कडेच्या सुमारे १० ते ३० टक्के भागासच रक्त पोहोचते. तेथील चीर टाक्यांनी सांधू शकते. आतील सहसा सांधत नाही. टाके घातल्यावर काही आठवडे कुबड्या घ्याव्या लागतात, आणि काही महिने खेळणे व उकिडवे बसणे वर्ज्य असते. फाटका भाग कापला तर मुलगा लवकर चालू लागतो. परीक्षा वा नोकरी डोळ्यांपुढे असता पालकांचे मन या दुसऱ्या मार्गाकडे वळते, यात नवल नाही. पण विशीतल्या मुलास तो गुडघा आणखी पन्नास वर्षे वापरावयाचा आहे. म्हणून 'टाके घालता येतील काय?' हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी अवश्य विचारावा. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर तो ओढून वा मालीश करून सोडवू नये. विलंब न लावता अस्थितज्ज्ञाकडे न्यावे.

वडीलधाऱ्यांची गोष्ट निराळी. जुने लुगडे विरते तशी वयोमानाने चुंबळही विरते. ज्यांस काही दुखत नाही अशांच्याही एम.आर.आय. चित्रांत चिरा आढळतात. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वर्षे वयाच्या, चुंबळ विरलेल्या परंतु सांधा न झिजलेल्या १४६ रुग्णांची परीक्षा झाली. काहींची चुंबळ दुर्बिणीतून कापली, उरलेल्यांवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा केला. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या प्रकृतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता, असा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. म्हणून दागिने गहाण टाकण्यापूर्वी वजन उतरविणे आणि मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, हे उपाय काही महिने नेटाने करून पाहावेत. कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा बसविण्याचा उपचार स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९४ साली जगापुढे मांडला. परंतु तो तरुणांच्या मर्यादित जखमेसाठी आहे, सबंध झिजलेल्या सांध्यासाठी नव्हे.

शेवटी एक सूचना. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीतून शस्त्रक्रियेच्या बिलास मदत मिळते. टाके घातलेल्या मुलाच्या पुढील व्यायामोपचारासही ती मिळावी. पैशाअभावी कोणा घरास लवकरचा मार्ग पत्करावा लागू नये, एवढीच आमची विनंती आहे.