पायलट, पण कोणत्या गाडीवर?



माझं गाव घाटनांदूर. परळीहून लातूर रोडकडे निघालेली गाडी आमच्या स्टेशनातून जाते. गावात मी पायलट आहे असं सांगितलं, की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो, "कोणत्या गाडीवर?" यात विचारणाऱ्याची चूक नाही. रेल्वेनं इंजिन ड्रायव्हरला लोको पायलट म्हणायला सुरुवात केल्यापासून आमच्या स्टेशनात रोज पायलट येतात नि जातात. मंत्र्याच्या ताफ्यापुढं धावते ती पायलट गाडी. गोव्यात तर मोटरसायकलवर मागं बसवून नेणाराही पायलटच. या सगळ्या गर्दीत विमानवाल्याचा नंबर शेवटी लागतो.

कॅनडात राहायला गेलो आणि पहिल्याच मुलाखतीत मला हाच प्रश्न आला. फक्त इंग्रजीत.

आपल्याकडे समज असा, की आकाश एकच आहे, तेव्हा इथं विमान चालवणारा तिथंही चालवील. पण रुळांवरचं पाहा. ड्रायव्हर कितीही मुरलेला असला तरी नव्या सेक्शनवर त्याच्या हाती लगेच गाडी देत नाहीत. तो आधी दुसऱ्याच्या शेजारी उभा राहून रस्ता शिकतो. सिग्नल कुठं, चढ कुठं, वळण कुठं, हे सगळं डोळ्यांखालून घालतो आणि मग रस्ता माहीत असल्याची सही करतो. इंजिन तेच, रूळ तसेच, तरीही.

विमानाचं गणित याहून किचकट आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत देशादेशांचा करार झाला. त्याप्रमाणे विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशानं वैमानिकाच्या लायसनवर शिक्का मारायचा. भारतातल्या विमानाच्या अंगावर व्हीटी ही अक्षरं असतात, कॅनडातल्या विमानावर सी. एखादा भारतीय वैमानिक व्हीटी विमान दिल्लीहून टोरंटोला नेऊन उतरवतो, त्याला कुणी अडवत नाही. पण त्याच विमानतळाच्या कोपऱ्यात उभं असलेलं, सी अक्षराचं चार सीटांचं विमान त्याला गावाभोवती फिरवायचं असेल, तर कॅनडाचा कागद लागतो.

बायकोला कॅनडात नोकरी लागली म्हणून आम्ही २०२२ साली गेलो. माझ्या पिशवीत एक जाड पुठ्ठ्याचं लॉगबुक होतं. आमच्या धंद्यात सातबारा म्हणा, पासबुक म्हणा, सगळं तेच. तारीख, विमानाचा प्रकार, कुठून कुठं, दिवसा किती, रात्री किती, नुसत्या उपकरणांकडे बघून किती. माझे एकूण तास सव्वीसशेच्या आसपास होते, बहुतेक एटीआर ७२ या पंख्याच्या विमानावर, उजव्या खुर्चीत, म्हणजे सहवैमानिक म्हणून. लायसन सरकारचं असतं. तास मात्र माझे, ते विमानतळावर कुणी जप्त करत नाही, अशा भरवशावर मी होतो.

तिथल्या साहेबानं ते लॉगबुक उघडलं आणि एकूण बेरीज बघितलीच नाही. त्याचं बोट थेट एका रकान्यावर गेलं. विमानाचा प्रमुख म्हणून किती तास? कॅनडाच्या मोठ्या लायसनला, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट लायसनला, एकूण दीड हजार तास लागतात आणि त्यांतले अडीचशे प्रमुख म्हणून हवेत. माझ्या त्या रकान्यात शंभरावर थोडे होते. तेही शिकताना एकट्यानं काढलेले, कारण भारतात कमर्शियल लायसनच्या दोनशे तासांत शंभर तसे लागतातच. उजव्या खुर्चीतली सगळी वर्षं दुसऱ्या रकान्यात बसली होती.

मग सगळं पहिल्यापासून. डोळे, कान, हृदय, वैद्यकीय तपासणी नव्यानं. माझं लायसन खरं आहे असं दिल्लीच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून लेखी आलं पाहिजे. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा या वाटेला असेल तर त्याला सांगा, हा कागद आणि लॉगबुकावरचे शिक्के देश सोडण्याआधीच उरकून घे; परदेशात बसून फोन लावत राहण्यात महिने जातात. त्यानंतर परीक्षा. मोठ्या लायसनच्या दोन पेपरांची नावं सॅमरा आणि सॅरॉन. ऐकायला दोन बहिणींची नावं वाटतात, स्वभावानं दोघीही खाष्ट. पास व्हायला सत्तर टक्के, आपल्याकडच्या पेपरांसारखेच. अभ्यास जुनाच, मापं नवी. आपण हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये ऐकतो, एक हजार आठ वगैरे. तिकडे तो पाऱ्याच्या इंचांत येतो, एकोणतीस पूर्णांक ब्याण्णव. हा आकडा उंची दाखवणाऱ्या घड्याळात चुकीचा बसवला, तर विमान तुम्हाला वाटतं त्या उंचीवर नसतं.

लोक विचारतात, मग आखातात का गेला नाहीस? आखातातल्या मोठ्या कंपन्या नोकरी देतात, त्यामागोमाग व्हिसा येतो, लायसन बदलून घ्यायची व्यवस्था होते. तिथं आधी नोकरी, मग देश. कॅनडात आधी देश मिळतो आणि नोकरी तुम्ही शोधायची. पण आखाताला मोठ्या जेटवरचे तास लागतात, ते माझ्याकडे नव्हते. शिवाय नोकरी गेली की मुक्कामही हलतो. २०२० साली करोनात विमानं जमिनीवर बसली, तेव्हा तिथल्या कितीतरी परदेशी वैमानिकांना घरदार आवरून निघावं लागलं. अमेरिकेत आधी तिथं काम करायचा हक्क हवा. २००९ साली बफेलोजवळ विमान पडलं, त्यानंतर झालेल्या कायद्यामुळं तिथं प्रवासी कंपनीत उजव्या खुर्चीलाही साधारण दीड हजार तास मागतात. तासांचं माझं जमलं असतं, हक्काचं नाही.

शेवटी काम मिळालं ते ओंटारियोच्या उत्तरेला. त्या भागात आदिवासींच्या कित्येक वस्त्या अशा, की तिथं बारमाही रस्ताच नाही. हिवाळ्यात तळी गोठली की बर्फावरून वाट होते, एरवी सगळं विमानानं. दूध, बटाट्याचे वेफर्स, लहान मुलांची लंगोटं, टायर, आजारी म्हातारी. कंपनीनं ट्रेनिंग दिलं आणि दोन वर्षं सोडून जायचं नाही, गेलो तर खर्च भरायचा, असं लिहून घेतलं. बॉण्ड म्हणतात त्याला. बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावायला वकील लागत नाही. साखर कारखाने सुरू होण्याआधी मुकादम ऊसतोड मजुरांना देतो त्या उचलीची ही इंग्रजी बहीण. तुलना इथंच थांबवतो. कोयत्यावर गेलेल्या बाईच्या डोक्यावर जी मोळी असते, तसलं ओझं माझ्यावर कधी नव्हतं.

पहिले आठ महिने मी विमान चालवलंच नाही. सामान चढवायचं, उतरवायचं, वजन लिहायचं. तिकडे नव्या पोरांची सुरुवात अशीच होते, आणि मी चाळिशीला टेकलेलं नवं पोर होतो. जून २०२३ मध्ये इंडिगोनं एकदम पाचशे विमानांची ऑर्डर दिल्याची बातमी आली, तेव्हा माझ्या हातात दुधाचे खोके होते. गावाकडून फोन आला. आई म्हणाली, "इमान चालवायलास का पेट्या उचलायलास?" मी म्हणालो, "सध्या पेट्या." पुढं बराच वेळ ती पाऊसपाण्याचंच बोलत राहिली.

त्या महिन्यांत मी जे शिकलो ते पंखावर हात फिरवून शिकलो. आपल्या भागात वैमानिकाला धास्ती उन्हाची. मे महिन्यात हवा तापून विरळ होते, विमान उचलायला धावपट्टी जास्त खाते. तिकडे पहाटे उणे तीसमध्ये पंखावर मिठासारखा पांढरा थर बसलेला असतो, सॅण्डपेपरइतका खरखरीत. दिसायला काहीच नाही, पण पंखावरून वाहणारी हवा तेवढ्यानं बिथरते आणि विमान उचलत नाही. १० मार्च १९८९ ला ड्रायडन गावी पंखांवर बर्फ घेऊन निघालेलं एक जेट झाडांत पडलं, २४ माणसं गेली. त्यानंतरच्या चौकशीनं कॅनडाचे या बाबतीतले नियम कडक केले. म्हणून आम्ही झाडणी, फडकं, दोरी घेऊन पंख घासायचो. इंजिनावर रात्रभर जाड पांघरूण घातलेलं असायचं. मी त्याला वाकळ म्हणायचो, आणि माझ्या बरोबरीची दोन गोरी पोरंही पुढं वाकळच म्हणायला लागली.

मग एका इंजिनाच्या कॅराव्हॅन विमानावर उजवी खुर्ची मिळाली, आणि वर्षभरानं डावी. प्रमुखाच्या तासांचा तो रकाना भरायला लागला.

इथं स्टुडिओत बसल्यावर एक गंमत वाटतेय. काचेपलीकडे एकच गृहस्थ आहेत, आणि मी दिसत नसलेल्या माणसांशी बोलतोय. त्या उत्तरेकडे बऱ्याच धावपट्ट्यांवर टॉवर नसतो. वैमानिकानं आपणच रेडिओवर १२६.७ या फ्रिक्वेन्सीवर सांगायचं, मी अमक्या तळ्यावर, इतक्या उंचीवर, तिकडे निघालोय. ऐकणारा कुणी असला तर तो आपली जागा सांगतो, नसला तर शांतता. एका रात्री मी असंच बोललो आणि उत्तर आलं. उच्चार अगदी आपल्याकडचा, शिकताना घोकून घोकून बसवलेला. त्यानं जागा सांगितली, मी सांगितली. आमच्यात हजार फुटांचं अंतर होतं, तो वरून दक्षिणेला चालला होता. त्या फ्रिक्वेन्सीवर गप्पा मारायच्या नसतात. गाव विचारायचं राहिलं.